दादानं कुणाला जामीन मागितला नाही

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या दवाखान्यात, खिडकीमागे केसपेपर लिहीत होते. हातातला पेपर पूर्ण केला, मगच उठले. त्यावरून लोकांनी मला नावं ठेवली, ठेवोत. तेरवीला शेलूबाजारचं घर माणसांनी भरलं होतं आणि जो तो एकच सांगत होता, "एवढा मोठा सरकारी ठेकेदार, पन कोनाचे उपकार नाई घेतले."

घेतले. माझे घेतले... पण बहिणीचे उपकार मोजायची आपल्याकडे रीत नाही.

सरकारी कामाला हमी द्यावी लागते. इतर ठेकेदार बँकेची हमी आणत, त्यासाठी जामीनदार शोधत. दादाला कुणापुढे तोंड वेंगाडणं जमत नसे. नियमात दुसरी वाट होती, मुदतठेवीची पावती खात्याकडे गहाण ठेवायची. बाबांनी आम्हा दोघांच्या नावे एक ठेव केली होती, माझ्या नर्सिंगसाठी. अकोल्याला माझा नंबर लागला त्याच आठवड्यात दादा कागद घेऊन आला.

"सही कर."

"अन् माह्या फीचं?"

"पुढच्या साली भरू. घरात पावती असतानी मी लोकाइच्या दारी जामीन मांगत हिंडू काय?"

आई म्हणाली, "कर ना वं बाई, भाऊच हाय." मी केली. तो मूर्खपणा माझा.

काम झाल्यावरची हमीची मुदत संपली की पावती सुटे आणि लगेच पुढच्या कामाला अडके. दर वेळी सही मीच केली. दादा वाईट नव्हता, याचीच जास्त चीड येते. त्यानं सिमेंटात कधी चोरी केली नाही, भाऊबीजेची साडी चुकवली नाही. माझी वर्षं तेवढी खाल्ली. आज माझ्याहून लहान नर्सबाई "ताई, पेपर द्या" म्हणतात तेव्हा मी मान वर न करता पेपर सरकवते.

पावती आता किन्हीराजाजवळच्या त्याच्या शेवटच्या पुलापायी अडकली आहे. खात्याच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, हमीच्या मुदतीच्या आत पुलाला तडा गेला तर दुरुस्ती त्याच पैशातून होईल. म्हणून सुटीच्या दिवशी मी एसटीनं जाते, पुलाखाली उतरते आणि भेगा शोधते. खरं सांगते... सापडावी असं वाटतं. पैसे बुडाले तर बुडोत, एकदा तरी लोकांनी त्याला नावं ठेवावीत.

परवा पुन्हा गेले. हात पोचेल तिथवर चाचपून पाहिलं. एकही भेग नाही. तिथंच दगडावर बसून पोटभर रडले. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच रडले, आणि तेही त्याच्यासाठी नाही.