बटाट्यांच्या कोठीतली झोप

येफिमिचइतका दमलेला माणूस मी पाहिला नाही, आणि मी मुर्मान्स्क बंदरातली, दमलेली माणसं बघण्यातच माझा जन्म गेला. मी जहाजावर स्वयंपाक करते. रशियाच्या उत्तरेला पेचोरा समुद्रातल्या, तेल काढायच्या प्लॅटफॉर्मभोवती बर्फ दाटू नये म्हणून आमचं जहाज घाण्याच्या बैलासारखं गोल गोल फिरतं. बर्फ फोडायचा, सामान पोचवायचं, पुन्हा फिरायचं. येफिमिचचं काम डेकवर. क्रेनच्या हुकात ओझी अडकवायची.

आधीच्या जुन्या जहाजात खलाशांच्या खोल्या अगदी पुढच्या टोकाला, जहाजाच्या नाकाशी होत्या. बर्फ पत्र्याला घासला की उशाशी कुणी जातं ओढतंय असं वाटायचं. झोप कसली लागते! एकदा डेकवर उभ्या उभ्याच येफिमिचचा डोळा लागला. अर्धवट अडकवलेली पेटी झुलत शेजारच्या गेन्नादी खलाशाच्या टोपीला चाटून गेली.

कप्तान म्हणाला, "पुन्हा पेंगताना दिसलास तर किनाऱ्यावर बसवीन. मग झोप हवी तेवढी."

त्याच सुमारास जहाजांचे आराखडे करणाऱ्या इन्ना ल्वोव्हना पीटर्सबर्गहून आल्या. नवं जहाज बांधायचं होतं, काय हवं ते सगळ्यांना विचारत होत्या. कुणी वेग मागितला, कुणी मोठी वाफेची न्हाणी. येफिमिच म्हणाला, "बाई, आमच्या खोल्या मागे न्या. बाकी काही नको." बाई वरच्यांशी भांडल्या, पण खोल्या मागे नेल्याच. नाकाशी मोकळी झालेली जागा माझ्या कोठीला मिळाली.

नव्या जहाजावर पोरं घोरायला लागली. येफिमिचचे डोळे मात्र आणखी खोल गेले.

"आता काय दुखतंय तुझं?" मी विचारलं.

"बर्फाचा आवाज नाही गं, पावलोव्हना. आवाज बंद म्हणजे जहाज अडकलं, हेच डोक्यात बसलंय. दचकून उठतो."

मग तो जेवायच्या वेळी गायब व्हायला लागला. एक दिवस मी बटाटे आणायला कोठीत गेले, तर हा पोत्यांवर आडवा, कान पत्र्याला लावलेला. बाहेर बर्फ कडाकडा फुटत होता आणि हा मेल्यासारखा झोपला होता.

"मेल्या, मला वाटलं गचकलास!"

"कप्तानाला सांगू नकोस."

नाही सांगितलं. पोत्यांवर जुनी गोधडी टाकली आणि त्याचं सूप झाकून ठेवायला लागले. हळूहळू त्याचे हात नीट चालू लागले. कप्तानाचं ओरडणंही थांबलं.

वसंतात इन्ना ल्वोव्हना पुन्हा आल्या. सगळ्यांत आधी येफिमिचकडे गेल्या.

"झोप लागते ना आता?"

"लेकरासारखी, बाई."

त्यांचा चेहरा खुलला. "मग पुढच्या जहाजातही खोल्या मागेच ठेवते."

माझं डोकं फिरलं. बाई गेल्यावर मी त्याला धरलाच. "खरं सांगायला जीभ झडली होती का? इतकी विचारत होती बिचारी!"

येफिमिचने हातमोजा काढला.

"सुट्टीत घरी जातो ना, तिथे सगळं चिडीचूप. मी खिडकीशी बसून राहतो. माझ्यापायी माझी बायको रइसाही बसते, बिचारी, शेजारी. इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या कुशीत मला कधी झोप लागली नाही." त्याने पोरांच्या खोल्यांकडे पाहिलं. "ह्यांना तरी शांततेत झोप लागू दे."

मी कोठीची किल्ली त्याच्या हातात दिली आणि चुलीकडे गेले.