अर्ध्या हौदाचा फिल्टर

आशागडजवळच्या आमच्या चिकूवाडीची वाटणी झाली तेव्हा दादाला घर आणि विहीर मिळाली, मला रस्त्याकडची, उन्हात भाजणारी बाजू. जुना सिमेंटचा हौद मधोमध आला, म्हणून पंचांनी कठड्यावर चुन्याची रेघ मारून तोही अर्धा अर्धा केला. वाटणीआधी हायवेवर चिकूच्या पेट्या विकून मी स्वतःचे टेम्पो उभे केले, पडत्या काळात वाडी त्याच पैशावर तगली. पंचांपुढे हे कुणी बोललं नाही. दादाही नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

त्यापायी बायकोचं वहिनींकडे जाणं तुटलं. तिने हौदात रंगीत मासे सोडले. संध्याकाळी कठड्यावर बसून त्यांच्याशीच बोलायची. यंदाच्या उन्हाळ्यात पाणी हिरवं व्हायला लागलं, तेव्हा मी चारोटीला फिल्टर आणायला गेलो.

दुकानदाराने हौदाचं माप विचारलं. मी सांगितलं आणि म्हणालो, "पण अर्ध्यापुरताच द्या. अर्धा भावाचा आहे."

"शेठ, अर्धं पाणी कसं साफ होणार? आणि खोक्यावरचा लिटरचा आकडा बिनमाशांच्या पाण्याचा असतो. तुमच्याकडे मासे, वरून ऊन. दुप्पट मापाचा घ्या."

मोठा माल खपवायची ही भाषा मी आयुष्यभर बोलत आलोय. मी आवाज चढवला, घासाघीस केली आणि लहानच घेऊन आलो. दादाचं पाणी मी का गाळून द्यायचं?

फिल्टरमधला स्पंज रोज शेवाळाने तुंबायचा. एका पहाटे मासे तोंडं वर काढून तडफडत होते, काही उलटे झाले होते. बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. थेट दादाच्या दारात गेली. तो धावत आला, विहिरीची मोटर चालू केली आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उंचावरून पडेल असा पाइप फांदीला बांधला. हळूहळू मासे खाली गेले.

"काय गं, फिल्टर केवढा आणलाय?" मी शेजारीच उभा असताना त्याने तिला विचारलं.

"आमच्या अर्ध्यापुरता."

"मग माशांना सांगितलंत का, रेघेपलीकडे जाऊ नका म्हणून?"

दोघं हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्याच दिवशी जाऊन मी मोठा फिल्टर आणला. दुकानदाराने बजावलं, पंप एका टोकाला आणि स्वच्छ पाण्याचा पाइप दुसऱ्या टोकाला टाका, नाहीतर तेच पाणी जागच्या जागी फिरेल. दुसरं टोक दादाचं.

तो ओटीवर चिकू निवडत होता.

"पाइप तुझ्या बाजूला टाकायचाय," मी म्हणालो.

"टाक की. विचारतोस काय?"

पाणी आता दोन्हीकडे नितळ आहे. बायको वहिनींबरोबर पलीकडे बसते. मासे वाचले, चांगलं झालं. पण वाटणीत नाडला गेलो मी, त्याने येऊन बोलावं म्हणून थांबलो मी, आणि पहिला शब्द गेला तोही माझाच. ते अजून घशाखाली उतरलेलं नाही.