फायनलच्या सकाळचा सत्कार

जब्बार गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडवणीला एका लग्नाच्या मंडपात शिडीवर उभा होतो. झालरीची दोरी दातात धरलेली, त्यामुळं फोन कानाला लावून नुसतं "हं" म्हणालो. पलीकडं त्याचा मुलगा इरफान होता. "काका, अब्बा गेले. सकाळी उठून चहा मागितला आन्... गेले." मग जरा थांबून, अवघडल्यासारखा म्हणाला, "घरापुढं कनात लागंल, आन् थोड्या खुर्च्या." माझ्या दातातली दोरी सुटली, झालर खाली लोंबली आणि नवरीचा मामा खालून ओरडला, "ओ मंडपवाले, लक्ष कुठंय तुमचं?" मी ते ऐकून घेतलं. एरवी मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नाही, केजमध्ये कुणालाही विचारा. खाली उतरलो, माणसांना काम सांगितलं आणि टेम्पो घेऊन निघालो. रस्ताभर डोक्यात एकच होतं, की त्याच्याशी बोलायचं होतं ते आता राहूनच गेलं.

पेपरच्या पुरवणीवाल्यांनी मला जब्बारभाईंच्या फुटबॉलच्या आठवणी लिहा म्हणून सांगितलं. परवा त्याचा चाळिसावाही झाला. लिहायला बसलो तर सगळ्या आठवणी एका रविवारपाशी येऊन थांबतात, म्हणून तो रविवारच लिहितो. मी मंडपवाला माणूस, लिहिण्यातला नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

जब्बारचा केळी-मोसंबीचा गाडा बसस्टँडसमोर. गाड्यामागं दोन स्टुलं, एक त्याचं, आणि पुढं दुसऱ्यावर संध्याकाळी टेम्पो थांबवून मी बसायचो. तरुणपणी तो हैदराबादला मामाच्या फळांच्या आडतीत चार वर्षं होता. दुपारी माल उतरला की मैदानावर मॅच बघायला पळायचा. स्वतः कधी खेळला नाही, डावा पाय लहानपणापासून अधू. पण तिथून येताना हे खूळ घेऊन आला. आमच्या गावात क्रिकेट सोडून दुसरं काही माहीत नव्हतं तेव्हा यानं आठवडी बाजाराच्या जागेवर पोरं गोळा केली. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आधी कोबीची पानं आणि कांद्याची टरफलं झाडायची, मग खेळायचं. गोलपोस्टला बांबू माझे. "काय बे मंडप, सहा बांबू दे. तुझं लगीन लागल्यावर परत आनतो," असं म्हणून घेऊन गेला. माझं लग्न होऊन तेव्हा दहा वर्षं झालती. बांबूंची काळजी म्हणून मी बघायला जायला लागलो आणि अडकलो. ऑफसाइड मला आजही कळत नाही, पण एकही मॅच सोडली नाही. जब्बार कडेला लंगडत पळायचा, "बॉलच्या मागं नको पळू, जागा धर, जागा" म्हणून घसा फोडायचा आणि मी त्याच्यामागून तेच लाऊडस्पीकरवर ओरडायचो. मध्यंतराला मोसंबीच्या फोडी मीठ लावून वाटायचा, समोरच्या टीमलासुद्धा. मी चिडायचो. तो म्हणायचा, "तहान काय फक्त केजलाच लागती काय बे?"

आठ वर्षांपूर्वीचा तो हंगाम. जिल्ह्याची स्पर्धा होती आणि आमची पोरं जिंकतच सुटली. वडवणी झाली, मग सेमीफायनलला कडा. कड्याची पोरं उसासारखी उंच, आमची त्यांच्या खांद्याला लागत होती. शेवटच्या पाच मिनिटांत आमच्या कॅप्टननं, गण्यानं, गोल मारला. मी लाऊडस्पीकर फेकून दिला, तो फुटला. जब्बार मात्र खाली मातीत बसला. मग म्हणाला, "बाळू, रविवारी बीडला फायनल हाय. पोरांना तोवर सांभाळायचं बस, बाकी सगळं त्यांना येतंय."

आणि इथंच मी माती खाल्ली.

आमच्याकडं सत्काराला कारण लागत नाही. पोरगं भरतीत नुसतं पळून आलं तरी चौकात डिजिटल बोर्ड लागतो. इथं तर आख्खी टीम फायनलला गेलेली. मी भाऊंकडं गेलो. भाऊ म्हणजे आमच्याकडचे पुढारी, नाव नको. ते म्हणाले, सत्कार ठेवा, पोरांना हक्काचं मैदान देतो, त्याची घोषणा तिथंच करतो. वेळ दिली रविवारी सकाळी नऊची. फायनल त्याच दिवशी दुपारी तीनला, बीडला. मी आनंदानं गाड्यावर येऊन जब्बारला सांगितलं तर त्यानं हातातली केळी खाली ठेवली आणि चक्क हात जोडले. "बाळू, सोमवारी ठेव. हरून आलो तरी ठेव, मी सोता फेटा बांधून घीन. पन त्या दिवशी न्हाई. कच्च्या केळाला हात लावला की डाग पडतोय." मी म्हणालो, "तुला काय कळतंय? भाऊ मैदान देऊ लालेत. सोमवारी त्यांना वेळ न्हाई." हे खरंच होतं. पण खरं हेही होतं, की माझा बोर्ड छापून आलता आणि त्यावर माझा फोटो गोलकीपरच्या फोटोहून मोठा होता. मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही.

नऊचे भाऊ साडेअकराला आले. तोवर अकरा पोरं फेटे बांधून स्टेजवर उन्हात बसलेली, कारण स्टेजवरचं छत मी फोटो चांगले यावेत म्हणून काढलं होतं. सकाळपासून चहा-बिस्किटावर होती. मग शाल, नारळ, सहा जणांची भाषणं. मग चौकापर्यंत मिरवणूक, डीजेपुढं पोरं नाचली, वय होतं त्यांचं. मग पंगत. पुऱ्या, वांग्याची भाजी, बालुशाही. उपाशी पोरं तुटून पडली आणि मी स्वतः वाढत होतो, आग्रह करून. "खा रे गण्या, गोल मारायचाय, अजून एक घे." जब्बार मंडपाच्या कोपऱ्यात मोसंबीची पाटी घेऊन उभा होता. एकदाच जवळ आला आणि हळू म्हणाला, "बस कर बाळू." मी त्याच्याही पाटीत बालुशाही ठेवली.

बीडच्या मैदानावर पोचलो तेव्हा तीनला पाच कमी होते. पुढचं काय सांगायचं... पहिल्या वीस मिनिटांत तीन गोल झाले. आमची पोरं पळत नव्हती, ओझं वाहत असल्यासारखी चालत होती. गोलकीपरला गोलपोस्टामागं उलटी झाली. मध्यंतरानंतर जब्बारनं गण्याला बाहेर काढलं, तो पोट धरून कडेला आडवा झाला. चार-शून्य. परत येताना टेम्पोत फेटे खाली पडले होते आणि पोरांचे पाय त्यांच्यावरच होते. मैदानाची घोषणा तर भाऊंच्या भाषणात झालीच नव्हती, हे मला वाटेत आठवलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. तीन दिवसांनी हॉटेलात चहा पीत बसलो होतो. गण्याचा चुलता तिथं सगळ्यांसमोर म्हणाला, "चांगल्या खेळनाऱ्या पोराला बाहेर काढलं म्हनून हरलो. जब्बार बीडवाल्यांना सामील आसंल." दोन-तीन जणांनी मान हलवली. मला माहीत होतं काय झालं ते. मीच वाढलं होतं. "पोरं माझ्या पंगतीनं हरली," एवढं एकच वाक्य लागत होतं. पण चुलत्याच्या पोरीच्या लग्नाचा मंडप माझ्याकडं होता, आणि त्याहून मोठं म्हणजे बोललो असतो तर नाव माझं आलं असतं. मी कपातली साय बोटानं काढत बसलो. चहा संपवला आणि उठलो. त्या दिवसापासून ते वाक्य गावभर फिरलं. आईबापांनी पोरं पाठवायची बंद केली. जब्बारनं कुणाशी वाद घातला नाही, खुलासा दिला नाही. एके दिवशी बांबू उपटून, धुऊन, स्वतः माझ्या गोडावूनला आणून ठेवले. "चा पिऊ का बे?" म्हणाला. मी म्हणालो, काम आहे. बाजाराच्या जागेवर नंतर पुन्हा क्रिकेट सुरू झालं.

भांडण असं आमच्यात झालंच नाही, झालं असतं तर बरं झालं असतं. शेवटची भेट गेल्या वर्षी कड्याला. लग्नात फळं पोचवायला आलता, वाळला होता. माझ्याच मंडपातल्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "येत जा की रे." मी म्हणालो, सीझन आहे.

दफन झालं त्या दिवशी कनात मी बांधली, खुर्च्या मी मांडल्या. पंधरा दिवसांनी बसस्टँडजवळ शोकसभा झाली. मंडप माझा, माईक माझा. भाऊ उशिरा आले. भाषणं झाली. गण्याचा चुलता बोलायला उठला आणि चांगलंच बोलला, शेवटी फक्त म्हणाला, "एक चूक झाली त्यांच्याकडून, पन आता माफ." मी साउंडच्या पेटीपाशी उभा होतो. तीस वर्षांत स्टेजवरच्या माईकवर मी "हॅलो, चेक" याच्यापुढं गेलेलो नाही. त्या दिवशी वर गेलो. म्हणालो, "चूक जब्बारची नव्हती. सत्कार मी ठेवला, त्यानं हात जोडले तरी ठेवला. पोरांना ठासून मी खायला घातलं. तुमी त्याला नाव ठेवलं तवा मी तिथंच बसलो होतो, आन् गप बसलो." माईक ठेवून खाली उतरलो. भाऊंनी घड्याळ बघितलं.

लोक गेल्यावर गण्या वायरी गुंडाळायला आला. आता तो केज-बीड जीप चालवतो, दोन लेकरांचा बाप आहे. म्हणाला, "काका, मला म्हाईत हाय की. मीच भाईला म्हनलो होतो, पोट दुखतंय, मला काढा." मी म्हणालो, मग तू तेव्हा बोलला का नाहीस? "चुलत्याला सांगाया निघालतो. भाईनंच आडवलं. म्हनले, तू बोललास तर बाळू गावात उघडा पडंल. त्याचं त्याला बोलू दे. त्याला जरा येळ लागतो, पन त्यो बोलंल."

इरफान खुर्च्या रचत होता, त्यानंही ऐकलं. तो म्हणाला की अब्बा गाडा झाकायला लई उशीर लावायचे. गिऱ्हाईक नसलं तरी दुसरं स्टूल आत घेऊ द्यायचे नाहीत. कावून विचारलं तर म्हणायचे, "मंडपचा टेम्पो अजून गेला न्हाई."

टेम्पो रोज जात होता. आठ वर्षं मी तो पोस्ट ऑफिसच्या मागच्या बोळातून काढत होतो, त्याच्यासमोरून जायला नको म्हणून.

आता मी पुढच्या रस्त्यानं जातो. इरफान सातलाच गाडा झाकतो. त्याचं बरोबर आहे, तो कशाला थांबेल.