पहिल्या दिवसाची रजा

चौदा जून. दुसऱ्या दिवशी शाळा उघडायची होती, म्हणून पाण्याची टाकी धुवून घेत होते. तेवढ्यात रेणुकाचे वडील आले आणि फाटकातूनच म्हणाले, "मॅडम, पोरगी आठवीला जायची न्हाई. आपा न्हाईत. तिच्यासंगं कोण जाणार?"

आपा म्हणजे आमच्या सातवीच्या वर्गशिक्षिका. कागदोपत्री नाव वेगळं, गावाला फक्त आपा. राहायला मुदखेडला, नवऱ्याचं शिंपीकामाचं दुकान तिथंच स्टेशनजवळ. आमची शाळा सातवीपर्यंत, पुढं मुलांना मुदखेडच्या हायस्कूलला जावं लागतं.

सातवीच्या निरोपाला आम्ही सगळे "मोठे व्हा, शाळेचं नाव काढा" म्हणायचो. मग आपा उठायच्या. "पोरींनो, तिथं गेल्या गेल्या संडास कुठंय ते विचारा. लाजून दिवसभर पाणी न पिता बसाल, पोट दुखंल, मग घरचे म्हणतील, झेपंना हिला, बसव घरी." सरपंच खाली बघायचे. पाहुण्यांना चहाचा ठसका लागायचा. मुली मात्र कान देऊन ऐकायच्या.

एकदा एकीनं विचारलं, "आपा, आपण 'हो'ला 'हाव' म्हटलं की तिथली पोरं हसतात म्हणे."

"हसू दे की. त्यांचं हसून झालं की आपलं उत्तर पुरं करायचं. मधीच खाली बसायचं न्हाई."

नुसतं सांगून त्या थांबत नसत. शाळा उघडायच्या दिवशी हमखास रजा टाकायच्या आणि आठवीत गेलेल्या मुलींना घेऊन हायस्कूल गाठायच्या. मी मुख्याध्यापिका. त्या दिवशी पाहुणे येणार, पहिलीची पोरं रडून गोंधळ घालणार आणि आपा गैरहजर. मी म्हणायचे, "एक दिवस उशिरा घ्या की रजा."

"बाई, पोरी पहिल्याच दिवशी पळतात. दुसऱ्या दिवशी जाऊन मी कुणाला धरू?"

मी सही करायचे.

एका वर्षी एक मुलगी हायस्कूलच्या फाटकातून मागं फिरली. आपांनी तिला ओढलं नाही. समोरच्या चहाच्या गाड्यावर नेऊन बसवलं. "रडून घे. पण तोंड माझ्या ओढणीला पूस. तुझा ड्रेस नवा हाय, खराब नको करू." मुलगी रडता रडता हसली आणि आत गेली. दहावी तिथूनच झाली.

गेल्या दिवाळीनंतर आपांना नांदेडला दवाखान्यात ठेवलं. भेटायला गेले तेव्हा चेहरा सुजलेला, आवाज तोच. "निरोपाला मी नसले तर भाषण लंबं करू नका, बाई. पोरं उन्हात बसून राहतात."

"मग तुम्हीच या आणि छोटं करा," मी म्हटलं. त्या हसल्या. येते म्हणाल्या नाहीत.

संक्रांतीच्या आधी त्या गेल्या. एप्रिलमध्ये निरोपाचं भाषण मीच केलं. यंदा सातवीत मुलगी एकटी रेणुकाच होती. तिला आपांचं म्हणणं सांगायचं ठरवूनच उभी राहिले होते. पण तोंडातून "मोठे व्हा" एवढंच निघालं. खाली बसले.

आता तिचे वडील फाटकाशी उभे होते. "एकटी पोरगी ऑटोत कशी धाडू? पुढच्या वर्षी बघू की."

पुढच्या वर्षी काय बघतात ते मला ठाऊक आहे. स्थळ बघतात.

"सकाळी तिला तयार ठेवा," मी म्हटलं.

"कोण येणार?"

"मी."

"आन् तुमची शाळा?"

"शाळा जागेवरच राहते."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाव्या सहकाऱ्याकडे दिल्या, रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि रेणुकाला घेऊन मुदखेडला गेले. तिचा वर्ग भरला. मी बाहेर लिंबाखाली थांबले. मधल्या सुट्टीत ती पळत आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही जावा आता. पोरी बघून राहिल्या."

मी परतीचा ऑटो धरला.