निकालाआधीचा पेढा

तो सामना आम्ही हरलो, त्याचं खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं याबद्दल आमच्या घरात कधीच एकमत झालं नाही. नवऱ्याच्या मते चूक मॅनेजरची. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दमलेला उघड दिसत असताना त्याने तो बदलला नाही. शेजारच्या म्हाताऱ्याच्या मते चूक फर्स्ट बेसवर उभ्या असलेल्या खेळाडूची. साधा सरपटी चेंडू त्याच्या दोन पायांमधून निघून गेला. आणि आमच्या मराठी मंडळाच्या मते चूक माझी. माझा बेसबॉलशी संबंध एवढाच, की त्या दिवशीचे पेढे मी केले होते.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, शॉमबर्गला एका अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर राहत होतो. नवरा इंजिनियर, मी एका विमा कंपनीच्या ऑफिसात. त्या वर्षी एप्रिलमध्ये माझे सासरे साताऱ्याहून आले. सासूबाई आदल्या दिवाळीनंतर अचानक गेल्या होत्या आणि बाबांना आता तिकडे एकटं ठेवायचं नाही, असं नवऱ्याने ठरवून टाकलं होतं. बाबांचं परतीचं तिकीट दिवाळीच्या आधीचं होतं. ते कॅन्सल करून त्यांनी कायमचं इथे राहावं, हा नवऱ्याचा ध्यास. माझं मत कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. बाबा निवृत्त हेडमास्तर होते आणि चहा कसा झालाय हे कपाकडे नुसतं बघून कळवायची त्यांची पद्धत होती.

पहिले काही आठवडे ते खिडकीशी बसून पार्किंगमधल्या गाड्या बघत. सासूबाईंचा विषय निघाला की उठून बाहेर थंडी किती आहे ते बघायला जात. मला त्यांची कीव येई आणि रागही येई. दोन्ही एकदमच येई.

मग शेजारचा म्हातारा उगवला. त्याचा आणि आमचा मागच्या दारचा पॅटिओ लागून होता, मध्ये फक्त कमरेइतकं कुंपण. हा शाळेची बस चालवून रिटायर झालेला, एकटाच राहणारा. दुपारी बाहेर खुर्ची टाकून रेडिओवर बेसबॉल ऐकत बसायचा. आमच्या संघाचे घरचे सामने भर दुपारी व्हायचे, आणि बाबांना तर दुपार खायला उठायची. एके दिवशी मी ऑफिसातून आले तर कुंपणापलीकडे दोन खुर्च्या, दोन म्हातारे आणि मध्ये रेडिओ.

"हे लोक बॅट टाकून पळतात, सूनबाई!" बाबा मला जेवताना सांगत. "माझ्या शाळेत कोणी असं केलं असतं तर मैदानाबाहेर काढलं असतं." पण जुलै उजाडेपर्यंत त्यांना प्रत्येक पिचरची खोड पाठ झाली होती. शेजारी त्यांना 'प्रोफेसर' म्हणू लागला, बाबा त्याला 'बसवाले' म्हणत. बसवाल्यांचे काही नियम होते. संघ जिंकत असेल तर कोणी खुर्ची बदलायची नाही. टोपी धुवायची नाही. आणि शेवटचा खेळाडू बाद होईपर्यंत 'जिंकलो' हा शब्द काढायचा नाही. ज्या माणसाने घरात कधी सत्यनारायण होऊ दिला नाही, त्याने हे सगळं निमूटपणे पाळलं. म्हणे, "रेडिओवर टेस्टची कॉमेंट्री ऐकताना आम्हीही जागा सोडत नसू."

खरं सांगायचं तर माझं मत तेव्हाच बदललं. घरी आल्यावर दार उघडायच्या आत कोणीतरी स्कोअर सांगायला धावतंय, हे मला आवडायला लागलं होतं. चहाबद्दलची तक्रारही बंद झाली होती, कारण चहाकडे त्यांचं लक्षच नसायचं.

आणि त्या वर्षी आमचा संघ खरोखर जिंकत सुटला. कित्येक वर्षांत कधी नव्हे ते वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे अंतिम फेरीचं, दार दिसू लागलं. सप्टेंबरात एकदा जेवताना बाबा नवऱ्याला म्हणाले, "हे लोक शेवटपर्यंत पोचले तर मी थांबतो. तिकिटाचं बघ." नवऱ्याच्या हातातला घास तसाच राहिला. तोपर्यंत त्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो ऑफिसात पेपरचं खेळाचं पान आधी वाचायला लागला. संघ जिंकला तर बाबा राहणार, इतकं ते सरळ होतं.

निर्णायक सामना रविवारी आला. जो जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला जाणार. त्याच संध्याकाळी मंडळाचा दसरा होता, कारण आमचे सण पंचांगाप्रमाणे येत नाहीत, हॉल मिळेल त्या रविवारी येतात. पेढ्यांचं काम माझ्याकडे होतं. खवा कुठला मिळायला? रिकोटा चीज आणि दुधाची पावडर आटवून मी पेढे वळले, वर वेलदोडा, आणि ट्रे टेबलावर झाकून ठेवला. मंडळाच्या काकू तो न्यायला म्हणून आल्या आणि आमच्या टीव्हीसमोरच्या चिडीचूप शांततेत अडकून बसल्या.

बसवाले आपली खुर्ची घेऊन आमच्याकडे आले होते. सोफ्यावर बसायला तयार नव्हते. बाबा त्यांच्या शेजारी. निम्म्याहून जास्त सामना झाला आणि आम्ही पुढे होतो, पिचर जोरात होता, समोरचे चाचपडत होते.

बाबा उठले. जागा सोडून उठले.

"सूनबाई, पेढे आण."

"बाबा, अजून मॅच संपली कुठे?"

"निकाल दिसतोय की! बोर्डाचा निकाल लागायच्या आधी मला पोरांच्या तोंडावर दिसायचा. आण."

मी ट्रे उघडला. हेडमास्तरांपुढे कोण बोलणार? काकूंनी घेतला, नवऱ्याने घेतला. बशीतला पेढा बसवाल्यांसमोर आला तेव्हा ते खुर्चीत मागे सरकले. "नंतर, प्रोफेसर. शेवटचा बाद झाला की."

आता आपल्याकडे नको म्हणणाऱ्याला सोडायची पद्धत नाही. बाबांनी बशी त्यांच्या नाकाशी नेली. "एक. माझ्यासाठी एक." पुन्हा नको. पुन्हा "माझ्यासाठी." तो बिचारा अमेरिकन माणूस, नको म्हणजे नको, हे त्याला जन्मभर पुरलं होतं. आग्रहाची सवय नाही. त्याने टीव्हीकडे बघितलं, बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि अर्धा पेढा तोंडात टाकला.

थोड्याच वेळात तो चेंडू आला. जोराचाही नव्हता. फर्स्ट बेसवरचा खेळाडू खाली वाकला, हातमोजा जमिनीला लावला, आणि चेंडू त्याच्या पायांमधून मागे गेला. मग एकामागून एक धावा झाल्या आणि आमचं सगळं मुसळ केरात गेलं.

सामना संपल्यावर पहिल्यांदा बोलले ते बसवालेच. "माझी नात अडवेल असा चेंडू! सगळं वर्ष मातीत घातलं त्याने. एका माणसाने."

"एका माणसाने?" बाबांचा आवाज असा चढला की काकू दचकल्या. त्यांचं इंग्रजी वर्गात शिकवतात तसं, शब्द सुटे सुटे. "वर्षभर त्याने किती चेंडू अडवले? ते कोणी मोजले? आज एक गेला तर लगेच तो गुन्हेगार?"

"हो! आज गेला म्हणूनच!"

"मूर्खासारखं बोलू नका."

बसवाले उभे राहिले. रागाने लाल झाले होते. "आणि तुम्ही आणि तुमची ती मिठाई," एवढं म्हणून ते खुर्ची उचलून चालते झाले. हातातली बशी, अर्ध्या पेढ्यासकट, त्यांच्याबरोबरच गेली.

पुढचा आठवडा सगळं गाव खापर फोडत होतं. ऑफिसात कोणी मॅनेजरला शिव्या देई, कोणी त्या खेळाडूला. नवरा जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणी, लोणच्याची बाटली आणि चमचे मांडून पिचर कधी बदलायला हवा होता ते मला समजावत असे. काकूंचा फोन आला. "अगं, निकालाच्या आधी कोणी पेढे वाटतं का? मंडळात सगळे तेच म्हणतायत. एवढं तरी अंडरस्टँड करायचंस!"

"काकू, तुम्ही दोन खाल्लेत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बाबा मात्र पुन्हा खिडकीशी बसले. पॅटिओचं दार उघडलंच नाही. तिकिटाचं काय करायचं म्हणून नवऱ्याने विचारलं तर म्हणाले, "काय करायचंय? आहे ते आहे." नवऱ्याने मग शेजाऱ्यावर राग काढला. मी म्हटलं, म्हाताऱ्याचा काय दोष, तुझे बाबा मूर्ख म्हणाले त्याला. आमचं त्यावरून चांगलंच वाजलं.

शेवटी मी बाबांनाच विचारलं. डेव्हॉनवरच्या देशी दुकानातून आणलेली मेथी निवडायला त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बाबा, एका परक्या खेळाडूसाठी एवढं भांडायचं कारण काय?"

त्यांनी एक काडी उचलून पानं खुडायला घेतली. "हिच्या छातीत दुखत होतं त्या दिवशी," ते म्हणाले. "मी म्हटलं पित्त असेल. खायचा सोडा पाण्यात घालून दिला आणि शाळेच्या कार्यक्रमाला गेलो. प्रमुख पाहुणा होतो."

मी हात थांबवले.

"मग भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, डॉक्टरांना कधी बोलावलं? तोंडावर कोणी काही म्हटलं नाही. पण सगळ्यांना कळलं होतं चेंडू कोणाच्या पायातून गेला ते. इतकी वर्षं तिचं दुखणंखुपणं मी काढलं, तिच्या उशाशी जागलो, ते कोण मोजतंय? दिवाळीनंतर वर्षश्राद्ध आहे. सगळे पुन्हा जमतील. मला तिथे बसायचं नव्हतं, सूनबाई. म्हणून थांबतो म्हणालो."

मी मेथी निवडत राहिले, काड्यासुद्धा भाजीत टाकल्या.

एक-दोन दिवसांनी पॅटिओच्या काचेवर टकटक झाली. बसवाले. हातात आमची बशी, घासून लख्ख केलेली. आत यायला तयार नव्हते.

"प्रोफेसरना सांग," ते मला म्हणाले, "त्या खेळाडूची चूक नव्हती. माझी होती. मी जन्मभर नियम पाळला. पण ते इतकं प्रेमाने देत होते, मला नाही म्हणवेना. आणि मी खाल्ला."

मला हसू यायला हवं होतं. पण तो माणूस गंभीर होता. आठवडाभर तो भिंतीपलीकडे स्वतःला दोष देत बसला होता. बाबा माझ्यामागे येऊन उभे राहिलेले मला कळलंच नाही.

"मित्रा," ते म्हणाले, "एका पेढ्याने कोणी सामना हरत नाही."

"मग कशाने हरतो?"

बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. हेडमास्तरांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. "चेंडू जातो," ते म्हणाले. "कधी कधी नुसता जातो." आणि बोलता बोलता त्यांचा बांध फुटला. ते दारातच खाली बसले आणि ढसाढसा रडले. सासूबाई गेल्या तेव्हाही रडले नव्हते, हे मला नवऱ्याने सांगितलं होतं. बसवाल्यांना वाटलं, हे संघासाठीच चाललंय. ते गुडघ्यावर टेकले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या गावचे लोक दर वर्षी म्हणतात तेच म्हणाले, "पुढच्या वर्षी, प्रोफेसर. पुढच्या वर्षी."

बाबा ठरल्या तिकिटावर गेले. नवरा हिरमुसला, तेव्हा त्याला म्हणाले, "श्राद्धाला मीच बसायला हवं. एप्रिलमध्ये येतो." आणि आले. येताना साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा डबा घेऊन आले. बसवाल्यांनी तो उघडूच दिला नाही. शेवटचा खेळाडू बाद होईपर्यंत डबा आमच्या फ्रीझरमध्ये, असा नवा नियम निघाला. संघ त्या वर्षी कुठेच पोचला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दर एप्रिलला बाबा नवा डबा आणत, तो फ्रीझरमध्ये जाई, आणि जुना आम्ही दोघं नवराबायको गुपचूप संपवत असू.

मग एका जानेवारीत साताऱ्याहून फोन आला. बाबा झोपेतच गेले. नवरा मिळेल त्या विमानाने निघाला. मी बर्फातून पलीकडे गेले आणि बसवाल्यांना सांगितलं. ते कोट घालून माझ्यामागोमाग आमच्याकडे आले, टेबलाशी बसले आणि म्हणाले, "तो डबा आण."

मी फ्रीझरमधून डबा काढला. दोरा त्यांनीच सोडला. पेढे दगडासारखे झाले होते. त्यांनी एक तोंडात टाकला, विरघळेपर्यंत डोळे मिटून बसले, आणि सगळा खाल्ला. सीझन सुरू व्हायला अजून दोन-अडीच महिने होते. मग त्यांनी दुसरा पेढा उचलून माझ्यासमोर धरला. मी नको म्हणून मान हलवली.

त्यांनी हात मागे घेतला नाही. "एक," ते म्हणाले. "त्यांच्यासाठी एक."