निरवांगीच्या वाटेवरचा वास

“वहिनी, आता ही गाडी विकून टाक,” असं माझी नणंद उषा वर्षभर म्हणत होती. विकण्याआधी गाडी एकदा यांच्या गावाला, निरवांगीला, नेऊन आणायचं ठरवलं. हे गेल्याला वर्ष झालं होतं.

उषा आणि मी पुण्याहून सकाळीच निघालो. वाटेत लोणी भापकरला जरूर थांबा. जुनं दगडी देऊळ आणि पुष्करणी निवांत बघण्यासारखी. बारामतीत मिसळ खाल्ली. पुढे रस्ता चांगला आहे, फक्त उसाच्या ट्रॉल्यांपासून जपा.

गाडीत पेट्रोलचा वास होता. मला तो नवा नव्हता. हे दर रविवारी कार्बुरेटर स्वतः साफ करत. हातांना तोच वास. हे गेल्यावर तो गाडीत येऊ लागला. मी कुणाला बोलले नाही. निघून जाऊ नये म्हणून काचा बंद ठेवत गेले.

“डोकं चढलंय गं. काच उघडू?” उषाने विचारलं.

“धूळ येईल,” मी म्हटलं.

अंथुर्ण्याच्या अलीकडे दोन्ही बाजूंच्या रानात तोडलेल्या उसाचं पाचट पेटवलं होतं. भरदुपारचं ऊन तांबूस झालं. काळी राख आवाज न करता काचेवर उतरत होती. पेट्रोलचा वास इतका दाटला, की मी मागच्या सीटकडे वळून पाहिलं. तेवढ्यात गाडी आपोआप बंद पडली.

गाडी रुसली की हे डॅशबोर्डवरच्या गणपतीला उदबत्ती लावून मगच चावी फिरवत. मी काडेपेटी काढली.

काचेवर थाप पडली. तोंडाला पदर गुंडाळलेली, रानातली एक बाई.

“अवं आक्का, काडी वढू नका! खाली पेट्रोल गळतंय! उतरा आदी!”

गाडीखाली ओला डाग, पुढे वाळलं गवत, त्यापलीकडे जाळ. तिघींनी गाडी मागे ढकलली.

“नाकं हायती का न्हायती तुमाला?” ती धापा टाकत म्हणाली.

अंथुर्ण्याहून बोलावलेल्या मेकॅनिकने भेगाळलेला रबरी पाइप काढून दाखवला. “पेट्रोल वर पोचंना, म्हणून बंद पडली. वास कवापासनं येतोय?”

“वर्षभर.”

“मग काय केलं तुमी?”

“काचा लावून घेतल्या.”



माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर सांगत, प्रत्येकाच्या मागे एक देवदूत चालतो. जाळाच्या अलीकडेच गाडी कुणी थांबवली, यावर मी मेकॅनिकशी वाद घातला नाही. पण जुन्या गाडीतून जाणार असाल तर पाइप आधी बदलून घ्या, आणि वास आला तर गाडी बंद करून लांब जा.

निरवांगीहून घरी आल्यावर गाडी विकायला काढली. बघायला आलेली मुलगी आत बसून म्हणाली, “जुनी असून कसलाच वास नाही हो!”

ती गेल्यावर मी आत बसले. चारही काचा लावल्या आणि वाट पाहिली. नव्या पाइपच्या रबराचा तेवढा आला.

मग एकेक काच खाली केली.