ब्याण्णव सेंटिमीटरचं जहाज

सही करताना ते श्वास धरत. माणसाचे आधी दात बघत, मग डोळे. बुटाची नाडी एकाच गाठीत बांधत, आणि ती दिवसभर सुटत नसे. मोडक्या लाकडी फूटपट्ट्या कुणाला फेकू देत नसत. दोरा दाताने तोडत नसत. समोर दुसऱ्या कुणी तोडला तर त्यांचं तोंड आंबट होई. कुणाच्याही घरी गेले की कपाटाची खोली वितीने मोजत. घरच्यांनी विचारलं तर म्हणत, "काही नाही, उगाच." चहा गार करून पीत. वाफेने चष्मा धुरकटतो, हे कारण चहा पिताना चष्मा खिशात असला तरी सांगत.

अडतीस वर्षं त्यांनी लोकांचे दात केले. दोन खोल्यांची लॅब, एक खिडकी, खिडकीशी टेबल. दवाखान्यातून हिरड्यांचा साचा यायचा, प्लास्टरचा, पांढरा, अजून ओलसर. त्यावर ते कवळी बसवायचे. खरं आडनाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं. सगळी गल्ली त्यांना कवळीकर म्हणायची. त्यांना त्याचा राग नव्हता. "दात खोटे असले तरी नाव खरं आहे," असं ते म्हणत.

कवळी टोचते म्हणून लोक तक्रार घेऊन यायचे. कवळीकर वाद घालत नसत. तोंड उघडायला सांगायचे, टोचणाऱ्या जागी निळी पेन्सिल लावायचे, आणि तिथल्या तिथे घासून द्यायचे. चार मिनिटांचं काम. तोंड बदलता येत नाही, ते म्हणायचे, कवळीच कमी करायची.

उरलेल्या वेळात ते जहाजं करत. लाकडी, शिडाची, जुन्या काळची. समुद्र त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नासाठी. त्यातलं एक त्यांचं स्वतःचं. पण मासिकात एकदा जहाजाचा नकाशा आला आणि माणूस हातचा गेला, असं बायको सांगायची.

फूटपट्ट्या रंध्याने पातळ करून त्यांच्या फळ्या होत. सुती धाग्यांना पीळ देऊन, मेण चोळून दोर होत. कवळीच्या मेणाला आकार देणारी सुरी, दात धरायचा चिमटा, केसाएवढ्या पात्याची करवत, ही हत्यारं संध्याकाळी घरी येत आणि सकाळी लॅबमध्ये परत जात.

नऊ जहाजं झाली. नऊही त्यांनी वाटून टाकली, आणि नऊंचं काय झालं ते बघितलं. मेहुणीकडे एकाच्या डोलकाठ्यांना किल्ल्या लटकवल्या होत्या. भाचीच्या मुलाने एक अंघोळीच्या टबात सोडलं. चुलतभावाने एक ऑफिसातल्या साहेबाला भेट दिलं, आणि साहेबाने ते परत पाठवलं, धूळ बसते म्हणून.

दहावं त्यांनी कुणाला द्यायचं नाही असं ठरवलं. त्याला अकरा वर्षं लागली. तीन डोलकाठ्या, दोनशेच्या वर दोर, आणि डेकच्या खाली, कुणाला कधीही दिसणार नाही अशा जागी, खलाशांची झोपायची फळकुटं. काही फळ्यांच्या खालच्या बाजूला फूटपट्टीचे आकडे अजून होते.

"आत कोण झोपणार आहे?" बायको विचारायची.

"कुणी नाही."

"मग चादरी तेवढ्या घालायच्या राहिल्यात. म्हणजे धुवायला मी मोकळी."

जहाज पुरं झालं त्याच वर्षी दोन गोष्टी झाल्या. कवळीकरांचा उजवा हात थरथरायला लागला. आणि भाड्याचं घर सोडून मुलाकडे राहायला जायचं ठरलं. मुलाकडे तीन खोल्या, त्यात आधीच चार माणसं. आता हे दोघं.

मुलगा सरळ होता. टेप घेऊन त्याने भिंती मोजल्या आणि म्हणाला, "बाबा, तुमचा पलंग बसतो. आईची शिलाई मशीन बसते. जहाज कुठेच बसत नाही."

"माळ्यावर?"

"माळ्यावर पाण्याची टाकी आहे."

म्हणजे अकरावं जहाज आता होणार नव्हतं, आणि दहाव्याला जागा नव्हती. चौथ्या दिवशी कवळीकर सार्वजनिक वाचनालयात गेले. तिथल्या दालनात, वर्तमानपत्रांच्या टेबलासमोर, एक भिंत रिकामी होती. ते जहाज द्यायला तयार होते. एकच अट होती: काचेच्या पेटीत ठेवायचं, कुणी हात लावता कामा नये.

वाचनालयाचे अध्यक्ष उत्साही गृहस्थ होते. त्यांना उद्घाटनं आवडत. पेटी करू, पाटी लावू, पाहुणे बोलावू, असं सगळं त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. एक छापील फॉर्म दिला. वस्तू, साहित्य, उंची, रुंदी, लांबी.

लांबीच्या रकान्यात कवळीकरांनी लिहिलं: ९२ सें.मी.

त्यात चूक काहीच नव्हती. जहाजं बांधणारे लांबी सांगतात ती जहाजाच्या अंगाची, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुकाणूपर्यंत. नाळेच्या पुढे जी तिरपी काठी हवेत गेलेली असते ती त्यात धरत नाहीत. कवळीकरांच्या वहीत दहाही जहाजांची लांबी अशीच लिहिलेली होती. दुसऱ्या तऱ्हेने लिहायचं त्यांना सुचलंही नसतं. जगात दुसऱ्यांच्या कपाटांची खोली मोजत फिरलेला माणूस, आणि स्वतःच्या जहाजाचं माप मात्र त्याने जहाजवाल्यांना कळेल असं दिलं. ते वाचणारा होता काचवाला.

रविवारी सकाळी जहाज मुलाच्या मांडीवर, चादरीखाली, टॅक्सीतून वाचनालयात आलं. अकराला कार्यक्रम होता. दहा वाजून दहा मिनिटांनी ते पेटीत ठेवायला घेतलं, आणि बसेना.

पुढची काठी सव्वीस सेंटिमीटर होती. पेटी होती एक मीटर. तिरकं ठेवून पाहिलं, तरी टोक काचेला लागत होतं. काचवाल्याने खिशातून फॉर्मची घडी काढली आणि उलगडून सगळ्यांना दाखवली.

"ब्याण्णव लिहिलंय, काका. मी आठ जास्तच धरलेत."

"ब्याण्णव बरोबर आहे," कवळीकर म्हणाले.

"मग हे काय आहे?"

"हे त्यात येत नाही."

"त्यात येत नाही, आणि ह्यातही येत नाही," काचवाला पेटीवर टकटक करत म्हणाला. खुर्च्या लावणारे दोघं हसले.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. पाहुणे निघाले होते. "कवळीकर, अहो, एवढीशी तर काठी. टोकासाठी काय अख्खं जहाज परत न्यायचं? बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

"बाबा, नको," मुलगा म्हणाला. "घरी घेऊन जाऊ."

"घरी कुठे?" बायको म्हणाली.

एवढंच ती म्हणाली. लोक आत यायला लागले होते. कवळीकर पेटीकडे बघत उभे राहिले, आणि मग त्यांचा हात आपणहून खिशाकडे गेला. आधी निळी पेन्सिल निघाली. काठीवर खूण झाली. मग सोबत आणलेल्या हत्यारांच्या डब्यातून बारीक करवत निघाली. त्यांनी श्वास धरला. हात अजिबात थरथरला नाही.

चार मिनिटं लागली. काठीला अकरा दोर बांधलेले होते. ते त्यांनी सोडले, आखडले आणि उरलेल्या थोटकाला एकत्र बांधून टाकले. जहाज पेटीत बसलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. कापलेला तुकडा शिपायाने फुलांच्या देठांबरोबर झाडून नेला.

परतताना टॅक्सीत बायको खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी पलंगाखाली जागा केली असती."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

आठवड्यातून दोनदा ते वाचनालयात जायला लागले. पेटीसमोरच्या बाकावर बसत. पाटीवर त्यांचं खरं आडनाव होतं, त्यामुळे ते कोण हे वाचायला येणाऱ्या कुणाला माहीत नव्हतं. खाली लिहिलं होतं: लांबी ९२ सें.मी. आता जवळजवळ तेवढीच होती.

दुसऱ्या महिन्यात त्यांना पहिली गोष्ट दिसली. पुढची डोलकाठी किंचित मागे झुकली होती. ती झुकणारच. डोलकाठ्या खिळ्यांनी उभ्या नसतात, दोरांनी उभ्या असतात. पुढचे दोर पुढे ओढतात, मागचे मागे, आणि ह्या ओढाताणीत काठी सरळ राहते. पुढच्या काठीचं थोटूक झालं, पुढची ओढ गेली. मागचे दोर मात्र इमानाने ओढतच होते. पाचव्या महिन्यात मधली डोलकाठीही झुकली. आठव्यात तिन्ही मागच्या बाजूला, वारा नसताना वाऱ्यात सापडल्यासारख्या.

दुसऱ्या कुणाला ते दिसत नव्हतं. पण एकदा वर्तमानपत्र वाचायला आलेला माणूस शेजारी टेकला आणि जहाजाकडे बोट करून म्हणाला, "कुणी केलंय हो हे?"

"माहीत नाही," कवळीकर म्हणाले.

"मागे कललंय, नाही?"

ते त्या माणसाकडे बघत राहिले. पहिल्यांदाच कुणाच्या तरी दातांआधी त्यांनी डोळे बघितले असतील. मग उठले, आणि त्याच दिवशी नवी काठी बसवू द्यावी असा अर्ज लिहिला.

आपल्या चुकीचं काचवाल्यालाही वाईट वाटत होतं, जरी चूक त्याची नव्हती. तो म्हणाला, "काका, बाजूची काच काढून तिथे छोटी पेटी जोडून देतो. काठी तिच्यात जाईल. मला परवानगी आणून द्या." परवानगी समितीची लागत होती. समिती दर तीन महिन्यांनी भरत होती. पहिल्या सभेत अर्ज वाचायचा राहिला. दुसऱ्या सभेत वाचला, आणि नवी काठी ही दुरुस्ती की बदल, यावर चर्चा झाली. तिसरी सभा झालीच नाही. परवानगी यायला आणि काचवाल्याने छोटी पेटी जोडायला चौदा महिने गेले. तोवर कवळीकरांनी नवीन काठी केली. थरथरत्या हाताने तिला चार महिने लागले. पूर्वी चार दिवस लागले असते.

त्यांनी पूर्ण दिवस मागितला होता. मिळाले दोन तास. दुपारी दोन ते चार, शिपायाच्या देखरेखीखाली.

काम उघड होतं, फक्त घाईचं नव्हतं. नवी काठी बसवायची, मग थोटकाचे अकरा दोर सोडून आतल्यापासून बाहेरपर्यंत एकेक तिला बांधायचे. वर्षाहून जास्त वाकून राहिलेल्या डोलकाठ्या एकदम ओढल्या तर मोडल्या असत्या. एक दोर केसभर ओढायचा आणि थांबायचं, लाकडाला वळायला वेळ द्यायचा. मग पुढचा. दोरांना त्यांनी कागदाच्या बारीक चिठ्ठ्या लावल्या होत्या, एक ते अकरा.

पावणेतीनला काठी बसली. सव्वातीनपर्यंत चार दोर झाले. पुढची डोलकाठी हलली, खरंच हलली, आणि बायको, जी उद्घाटनानंतर पहिल्यांदाच तिथे आली होती, बाकावरून उठून काचेशी आली.

"सरळ होतेय," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात अध्यक्ष दोन पाहुण्यांना घेऊन आत आले. "हे आमचे कलाकार! काम करताना एक फोटो घेऊ या. कवळीकर, जरा इकडे बघा. नाही, चिमटा वर धरा. ह्या मिसेस का? या ना वहिनी, तुम्हीही या." पाहुण्यांपैकी एकाचा फोन चालेना. मग दुसऱ्याच्या फोनवर. मग पाहुण्यांना आतमध्ये झोपायची फळकुटं आहेत का ते बघायचं होतं, कारण ते अध्यक्षांनी सांगितलं होतं.

ते गेले तेव्हा चारला दोन मिनिटं कमी होती.

"आणखी तासभर," कवळीकर म्हणाले.

"दोन म्हणजे दोन, साहेब," शिपाई म्हणाला. "कुलपाची नोंद करावी लागते. पुढची तारीख कळवतील."

पुढची तारीख कळवायला समितीची सभा व्हायला हवी होती. सहाव्या आठवड्यात कवळीकर सकाळी अंघोळीला गेले. बराच वेळ झाला म्हणून बायकोने दार वाजवलं. आतून पाण्याचा आवाज येत होता, त्यांचा नाही.

पेटी तशीच आहे. नवी काठी बाजूच्या छोट्या काचेत पुढे आलेली आहे. तिला चार दोर बांधलेले आहेत. पुढची डोलकाठी अर्धवट उभी आहे, मागच्या दोन अजून कललेल्या. बाकीचे सात दोर नाळेवरून खाली लोंबतायत, आणि प्रत्येकाच्या टोकाला त्यांच्या वाकड्या अक्षरातली चिठ्ठी आहे. पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा.